अकरा सेकंदांचं झाकण

७ जानेवारी

ताई,

माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट न फोडता ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता लेईमावशींकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर पुढचं वाच. गेले तीन दिवस मी एका जागी बसू शकलेलो नाही. मावशी म्हणतात, खुर्चीला खिळा आलाय का बघा. खिळा नाही, बातमी आहे. आपला यानाचा सिनेमा परत येतोय.

तोच. त्याची मूळ रिळं कुठल्याशा गोदामात सापडली. ती धुऊन-पुसून, एकेक चौकट दुरुस्त करून आता त्याची डिस्क निघणार आहे. डिस्क कंपनीच्या बाईंनी (मी त्यांना डिस्कबाई म्हणतो, समोर नाही) मला त्यातला तुकडा दाखवला. कप्तानीण वळून हसते तिथे तीन आडव्या रेघा पळायच्या, आठवतं? रेघा नाहीतच. मी इतकी वर्षं समजत होतो की तिथे यानातली वीज जाते. ती आपली टेप झिजली होती.

आता खरी गंमत. ही डिस्क साध्या डबीत येणार नाही. जमवणाऱ्या लोकांसाठी खास आवृत्ती आहे, दीडच हजार नग, प्रत्येकावर क्रमांक. आत दोन डिस्क, जाड पुस्तिका, आठ छायाचित्रं आणि यानाचा घडीचा नकाशा. आणि हे सगळं ज्यात बसणार तो पुठ्ठ्याचा खोका कोण करतंय? आपण. आपला कारखाना. बाबांनी घड्याळांचे आणि चष्म्यांचे खोके करून उभा केलेला, पावणेतीन खोल्यांचा, तोच. लांबी दोनशे मिलिमीटर, रुंदी दीडशे, उंची साठ, पुठ्ठा अडीचचा, वरून काळा कागद, आणि झाकणाच्या आत पितळी पातळ पत्रा. काळा कागद इतका काळा आहे की त्यावर हात ठेवला तर हात दुसऱ्याचा वाटतो.

डिस्कबाईंची अट एकच आहे. शेवटी कप्तानीण बाहेर राहते आणि यानाचं गोल दार वरून खाली येतं तो प्रसंग. ना संगीत, ना शब्द, नुसतं दार उतरतं आणि फटीतून तिचा चेहरा दिसत राहतो. अकरा सेकंद. आपण मोठ्याने मोजायचो, आणि मी नेहमी नवातच संपवायचो म्हणून तू माझ्या पाठीत धपका घालायचीस. तर खोक्याचं झाकण उचलून सोडलं की ते तसंच, आपल्या आपण, अकरा सेकंदांत खाली बसायला हवं. आमची डमी त्यांना पसंत पडली आहे. पसंत म्हणजे काय, बाईंनी तोंडात बोटं घातली.

बाकी इकडे ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, बाबाही कुरकुरतात. रोज दहाला येऊन खिडकीपाशी स्टुलावर बसतात आणि सगळ्या सुऱ्यांना धार लावतात. इतकी धार लावतात की सुऱ्या अर्ध्या झाल्या आहेत.

एक सहजच विचारतो. तू त्या टेपसाठी एक खोका केला होतास, झाकण सावकाश बसणारा. त्यात खोका आणि झाकणामध्ये ढील किती ठेवली होतीस? अर्धा मिलिमीटर की कमी? घाई नाही.

ढिल्या

ता. क. थोडी घाई आहे.


१९ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. मी धरून चाललो होतो की नसेल. आई गेली तेव्हा तू तीन दिवस येऊन राहिलीस आणि माझ्याशी "मीठ दे" एवढंच बोललीस. त्या मानाने बारा दिवस म्हणजे काहीच नाही.

पण ताई, इकडे काय चाललंय ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या सिनेमाचे चाहते आहेत. म्हणजे आपण दोघंच नव्हतो. डिस्कबाईंनी मला त्यांची पत्रं वाचायला दिली, गठ्ठाच्या गठ्ठा. एकाने यानाच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्यात. एक आजी आहेत, त्या दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी घरातले दिवे मालवून तो शेवटचा प्रसंग बघतात. खोक्याची बातमी फुटल्यापासून सगळे झाकणाबद्दलच बोलतायत. पाच-सहा जणांनी तर कळवलंय की पार्सल आलं की ते सेकंदकाटा लावून बसणार. अकराचे दहा झाले तर परत पाठवणार. मला हे वाचताना आनंदही झाला आणि भीतीही वाटली, एकदमच.

कारण झाकण जमत नाहीये.

आता सांगूनच टाकतो. चाळीस झाकणं करून झाली. अर्धा मिलिमीटर ढील ठेवली तर धाडकन बसतं, दोन सेकंद. कमी केली तर तीन. आणखी कमी केली तर बसतच नाही, वरच अडकून राहतं, रुसल्यासारखं. एक झाकण मी दुपारी ठेवलं ते संध्याकाळी बसलं. पत्रा जाड लावून पाहिला, पातळ लावून पाहिला. कागद बदलला. काम सगळं एक नंबर आहे, कोपरे काटकोनात, कडा सरळ, बोटाची खाचसुद्धा बाबांच्या शिस्तीप्रमाणे अर्धगोल, अगदी नखासारखी. दिसायला देखणं आणि वागायला उर्मट. मावशींनी एकदा नुसतं पाहिलं आणि "हं" म्हणाल्या. मावशींचं "हं" तुला माहीत आहे. विचारलं तर म्हणाल्या, मी लेई लावते, मला काय विचारता.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी जरा गुलदस्त्यात ठेवली. आमची डमी बाईंना पसंत पडली असं लिहिलं ना, ती डमी म्हणजे तुझाच टेपचा खोका. तू जाताना टेप नेलीस आणि खोका ठेवून गेलीस. तो माझ्या कपाटात होता, कापडात गुंडाळून. बाई आल्या, सिनेमाचं नाव त्यांनी घेतलं आणि माझा हात आपसूक कपाटाकडे गेला. त्यांनी झाकण सोडलं. एकोणीस वर्षांचा खोका, ताई, आणि बरोबर अकरा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं काही दाखवायचं त्या क्षणी मला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी दाखवलं नसतं.

म्हणून ढील विचारत होतो. आता घाई आहे.

ढिल्या


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं!

मी ते मावशींना दाखवलं, शेजारच्या छापखान्यात दाखवलं, पोस्टमनला तर त्याच्याच हातात परत देऊन वाचायला लावलं. चारच शब्द, "माझा खोका परत पाठव." पण अक्षर तुझं, आणि "माझा" वर पेन दाबलेलं. तू संग्रहालयात हजार वर्षांच्या मातीच्या भांड्यांसाठी खोके करतेस, तिथल्या त्या थंडगार खोलीत बसून हे लिहिलं असशील असं मी मनाशी ठरवलंय. बाबांना दाखवलं नाही.

खोका पाठवता येत नाही. तो डिस्कबाईंकडे आहे. आणि आता विचारशील की माझा खोका म्हणून दिलास की तुझा म्हणून. ताई, त्यांनी विचारलं, "हा तुम्ही केलात?" आणि मी मान हलवली. तोंडाने हो म्हणालो नाही. पण ही पळवाट तुझ्यापुढे चालणार नाही हे मला कळतं, म्हणून सरळच लिहितो: मी त्यांना सांगितलं की तो मी केला.

पुढचंही ऐक, कारण तेही अंगाशी आलंय. पुस्तिकेत एक पान खोक्याबद्दल आहे. खोका करणाऱ्याची मुलाखत. छायाचित्रकार येऊन गेला. त्याने मला सुरी धरून खिडकीपाशी उभं केलं, बाबांना स्टुलावरून उठवलं. मुलाखतीत मी सांगितलं की लहानपणी बहिणीबरोबर सिनेमा बघायचो आणि अकरापर्यंत मोजायचो. बहिणीबरोबर, हे सांगितलं. एवढंच सांगितलं. पुस्तिका पंचवीस तारखेला छापायला जाते.

झाकणं आता त्रेसष्ट झाली. हात टेकले. डिस्कबाई दर दोन दिवसांनी फोन करतात आणि मी कधी सांगतो सरस वाळतोय, कधी सांगतो कागद यायचाय. काल त्यांनी विचारलं, "पहिला खोका किती दिवसांत केला होतात?" मी म्हटलं, "सहज झाला होता." हे मात्र खोटं नव्हतं. तू तो एका दुपारी केलास. मी समोर बसून सफरचंद खात होतो आणि तुझ्या हाताकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

तू ढील सांगितली नाहीस तरी मी लिहीत राहणार आहे. कार्ड माझ्या टेबलावर उभं करून ठेवलंय.

ढिल्या


११ फेब्रुवारी

ताई ताई ताई,

जमलं. अकरा. दहा नाही, बारा नाही, अकरा! लागोपाठ नऊ वेळा. दहाव्यांदा मावशींनी झाकण हातातून काढून घेतलं, म्हणाल्या, झिजवाल आता.

सगळं क्रमाने सांगतो. सकाळी तुझं पाकीट आलं. आत दोन कोरे कागद, पातळ, दोन्ही एकाच मापाचे, लांबच लांब पट्ट्यांसारखे कापलेले. मी उलटे केले, सुलटे केले, खिडकीच्या उजेडात धरले. मग एका कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "खाच बुजव. मग बाबांना सांग."

आधी पहिलं वाक्य. ताई, मी कपाळावर हात मारून घेतला, तोही लेईचा हात. बोटाची खाच. झाकण पटकन उघडावं म्हणून बाबांनी सगळ्या खोक्यांना पाडायची शिस्त लावली, ती आता हातात इतकी बसली आहे की मी पाडतोय हे माझ्या लक्षातही येत नाही. त्रेसष्ट झाकणांना मी स्वतःच्या हाताने खिडकी ठेवत होतो आणि वर हवा का थांबत नाही म्हणून ढील मोजत बसलो होतो. ज्या हवेवर झाकणाने तरंगायचं तीच मी बाहेर सोडत होतो. तुझ्या टेपच्या खोक्याला खाच नव्हती. कशी असेल? तू तो कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलाच नव्हतास.

पण कागद कशाला ते कळेना. तेव्हा मावशी लेईची वाटी खाली ठेवून आल्या. दोन्ही कागद त्यांनी खालच्या खोक्याभोवती घट्ट गुंडाळले. एक मिलिमीटरही कमी-जास्त नाही, बरोबर एक वेढा आणि कड कडेला भिडलेली. "ती मापायची नाही," म्हणाल्या. "खोक्याला कागद नेसवायची, त्याच्यावरच झाकण बांधायची, आतल्या चारी कोपऱ्यांना पट्टी लावून ते बंद करायची, आणि वाळलं की कागद ओढून काढायची. कागद जेवढा जाड तेवढी ढील, चारी बाजूंना सारखी." मी म्हटलं, मावशी, हे तुम्ही मला महिनाभर आधी का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "तुम्ही ढील विचारत होता. ती कशी करायची ते कुठे विचारलंत?"

आणि नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही मापं तुला कळली कशी. मी पहिल्या पत्रात फुशारकी मारताना लांबी-रुंदी लिहिली होती. म्हणजे तू पहिलं पत्र वाचलंस. नीट वाचलंस. बसून हिशेब केलास, कागद निवडलास, कापलास. मला या आनंदात झाकणाचा आनंद किती आणि याचा किती हे वेगळं काढता येईना.

आता दुसरं वाक्य. बाबांना सांग.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांना रक्तदाब वगैरे आहे. तसा तो बराच आटोक्यात आहे. मी हे कारण म्हणून लिहायला बसलो होतो, पण लिहिल्यावर फारच लंगडं दिसतंय.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून आज मीच लिहितो. घड्याळवाला आला होता. मोठं काम द्यायचं की नाही हे बघायला. टेबलावर तुझा खोका होता, आत टेप. त्याने झाकण उचललं आणि सोडलं, आणि ते उतरत असताना बाबांना विचारलं, "हा हात कुणाचा?" बाबा म्हणाले, "मुलाचा." झाकण तेव्हा अर्ध्यावरही आलं नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी झाकणाकडे पाहिलं. मला बोलायला वेळ मिळाला नाही असं मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगितलं, पण वेळ किती होता ते जगात आपल्या दोघांइतकं कुणालाच माहीत नाही. झाकण बसलं. घड्याळवाल्याने काम दिलं. महिन्याभरात पाटीवर "आणि चिरंजीव" रंगवून झालं आणि पुढच्या आठवड्यात तू गेलीस. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. हे कारण म्हणून नाही लिहीत, वय म्हणून लिहितोय.

सांगतो बाबांना. तारीख विचारू नकोस.

ढिल्या


१८ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं. म्हणजे सांगायला गेलो. पुढे जे झालं त्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

चार दिवस मी वाक्यं पाठ करत होतो. मावशींपुढे तालीमही केली, त्या म्हणाल्या सुरुवात फार लांब आहे. शेवटी काल सकाळी नवा खोका घेऊन बाबांच्या स्टुलापाशी गेलो. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले, झाकण उचललं, सोडलं. ते पूर्ण खाली बसल्यावर खोका उलटा केला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तिने कसं कळवलं? पत्र आलं होतं का?"

माझ्या तालमीत हा प्रश्न नव्हता.

मी म्हटलं, "बाबा, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"खोका हातात घेतला की कळतं. तुझ्या कोपऱ्याला कागद आजही फुगतो."

"मग त्या दिवशी मुलाचा का म्हणालात?"

बाबांनी सुरी उचलली, धार पाहिली, परत ठेवली. "तिला कुठेही काम मिळालं असतं," ते म्हणाले. "तुला कोण ठेवणार होतं?"

ताई, अठरा वर्षं मी समजत होतो की मी तुझा कारखाना लाटला. त्याची लाज वाटायची, पण खरं सांगू, लाटणारा माणूस निदान हुशार तरी असतो असं आत कुठेतरी वाटायचं. आता कळलं की मी लाटला नव्हता. आजारी माणसाला खिडकीजवळची जागा देतात तसा मला तो दिला होता. मला आधी हसू आलं. मोठ्याने हसलो, मावशी बघायला आल्या. मग हसू थांबलं, आणि राग आला, तो मात्र माझ्यासाठी नव्हता. मी त्यांना विचारलं, "आणि तिचं काय? तिला काम कुठेही मिळेल म्हणून तिचं स्वतःचं काम काढून घ्यायचं?" मी बाबांशी या आवाजात जन्मात बोललो नव्हतो.

बाबा चुकलो म्हणाले नाहीत. ते म्हणणार नाहीत, तू वाट बघू नकोस. दुपारी त्यांनी मावशींकडे शिडी मागितली. मावशींनी दिली नाही, म्हणाल्या, या वयात कुठे चढताय. तेव्हा म्हणाले, पाटीवरचं "आणि चिरंजीव" खरवडायचंय. मग मी चढलो. चिरंजीवांनी स्वतःच खरवडलं, आणि बाबा खाली उभे राहून सुरी कशी धरायची ते सांगत होते. रंग पक्का होता, दीड तास लागला. समोरच्या दुकानांतले लोक आ वासून बघत होते आणि मी वरून त्यांना हात करत होतो. मला लाज वाटायला हवी होती, पण मला इतकं हलकं वाटत होतं की मी शिडीवर शीळ घालत होतो.

तिथून उतरलो आणि त्याच हाताने डिस्कबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. मान हलवल्यापासून सगळं. त्यावर बाई जे बोलल्या ते मी तुला तसंच्या तसं लिहीत नाही, त्यातलं निम्मं मला लागू होतं आणि उरलेलंही मलाच. त्यांनी माझं पान पुस्तिकेतून काढलंय. माझा सुरी धरलेला फोटो गेला, हे ठीकच झालं, त्यात माझं पोट दिसत होतं. पण शेवटी त्यांनी हे सांगितलं: काम मी ज्या हाताला दिलं होतं तोच हात मला हवा. पहिला नग तुमच्या बहिणीने करायचा, दीड हजार त्यांच्या नजरेखाली व्हायचे, पुस्तिकेत पान त्यांचं. सोमवारी त्या कामावर असतील तर काम तुमच्या कारखान्यात राहील. नसतील तर मी दुसरा कारखाना बघते.

मी म्हटलं, तसंच व्हायला पाहिजे. आणि म्हणताना माझ्या लक्षात आलं की दीड हजार खोक्यांसाठी मी हे म्हणत नाहीये. झाकण मला जमतं आता, ताई. मावशी आणि मी मिळून रोज साठ करू शकू. नसशील तर काम जाईल याची भीती आहेच. पण तू नसताना ते राहिलं असतं तर त्याची भीती मला जास्त वाटली असती.

बाईंनी तुझा खोका परत दिलाय. वेगळ्या पार्सलने, बशा पाठवतात तसा गुंडाळून, आजच धाडला.

ढिल्या


२० फेब्रुवारी

ताई,

तू येशील की नाही हे मी विचारत नाही. तू संग्रहालयात आहेस, तिथे तुझी खोली आहे, भांडी तुझी वाट बघतात. रजा मागायची म्हणजे काय असतं मला कळतं. आणि तुला इथे यावंसं वाटावं असं आम्ही दोघांनी अठरा वर्षांत काहीही केलेलं नाही.

मी नोकरी मागायला लिहितोय. कापायला मी बरा आहे, पुठ्ठा सरळ कापतो, हे तूसुद्धा मान्य करशील. गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. वेळेवर येतो. कोपरे मला देऊ नकोस, आणि मापं मला तोंडी सांगू नकोस, लिहून दे. खाच पाडू नकोस म्हटलंस तर पाडणार नाही. मावशींची शिफारस आहे, त्यांनी "हं" म्हटलंय, पण या वेळचं "हं" चांगलं होतं. बाबांना स्टुलावर बसू देशील तर ते सुऱ्यांना धार लावतील. देणार नसशील तर घरी बसतील, तेही त्यांनी मला विचारून घ्यायला सांगितलंय. हे त्यांनी सांगितलं, ताई, त्यांच्या तोंडाने.

कारखान्याची कागदपत्रं वकिलांकडे दिली आहेत, तुझ्या नावाची. सही तुझी लागेल, ती तू आल्यावर. डिस्कबाईंना तुझं पूर्ण नाव अक्षर अक्षर करून सांगितलंय, पुस्तिकेसाठी. त्यांनी दोनदा वाचून दाखवलं, दोन्हीदा बरोबर होतं.

या पाकिटात शटरच्या किल्ल्या आहेत. होत्या तेवढ्या दोन्ही. मी स्वतःजवळ एकही ठेवलेली नाही. म्हणून सोमवारी सकाळी आठ वाजता मी, मावशी आणि बाबा बंद शटरसमोर उभे असू, बाबांसाठी स्टूल आज बाहेर काढून छापखान्यात ठेवलंय. तू येशील तेव्हा उघड.

ढिल्या